पॉलिशवाला आता फोनमधून येतो

बाई, तुमच्या खोल्यांखाली आता मोबाईलचं दुकान झालंय. मागच्या महिन्यात पेणला गेले होते, तेव्हा बाजारातून सरळ स्टँडवर न जाता मुद्दाम तुमच्या गल्लीत वळले. जिना तोच आहे, फक्त त्याला निळा रंग दिलाय. वर कुणी भाडेकरू राहतात, खिडकीत लहान मुलाचे कपडे वाळत होते. मी खाली उभी राहून वर बघत होते, तर दुकानदार म्हणाला, "काय पायजे काकू, कव्हर का ग्लास?" मी म्हटलं, "काय नको, बघतेय नुसती." तो म्हणाला, "बघा की," आणि आपल्या कामाला लागला. मग एसटीत बसल्यावर नागोठण्यापर्यंत मी मनातल्या मनात तुमच्याशीच बोलत होते. या वर्षी माझ्या बाबतीत जे झालं, ते सगळ्यांना तुकड्यातुकड्यांनी माहीत आहे. नवऱ्याला एक तुकडा, लेकीला एक, कंपनीत एक. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत, मध्ये न तोडता ऐकून घेणारं माणूस माझ्या आयुष्यात एकच झालं. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या घराच्या ओटीवर बसून लिहायला घेतलंय. नवरा आत पेपर वाचतोय. त्याला वाटतंय मी कंपनीचं काहीतरी लिहितेय.

मी कोण, कुठली, हे तुम्हाला सांगायला नको, पण मला पुन्हा पुन्हा आठवायला आवडतं. आमचं गाव खाडीच्या कडेला, धरमतरच्या बाजूला, आणि बाबा मिठागरात कामाला. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढचं शिक्षण पेणला, तुम्ही शिकवायच्यात त्या शाळेत, आणि पावसाळ्यात बांधावरची वाट अशी की चपला हातात घेऊन चालायचं, तरी आत गेलेला पाय वर येईल याची खात्री नाही. माझ्या बरोबरीच्या मुली सातवीनंतर घरीच राहिल्या. तुम्ही निवडणुकीच्या कामाला आमच्या शाळेत आलात. तुम्हाला पाणी द्यायला मला पाठवलं होतं आणि मी तांब्या हातात धरून दारावर चिकटवलेल्या मतदारयादीतली नावं वाचत उभी होते. तुम्ही ते पाहिलंत. संध्याकाळी बाबांना बोलावून म्हणालात, "हिला माझ्याकडे राहू द्या. शनिवारी घरी येईल, सोमवारी सकाळी परत." बाबा हात जोडून म्हणाले, "बाई, पन खानावलीचा काय द्यावा आमी?" तुम्ही म्हणालात, "मीठ द्या." तेव्हापासून दर हंगामात बाबा गोणीभर मीठ डोक्यावर घेऊन तुमचा जिना चढत. दोघींना एवढं मीठ कशाला लागतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि तुम्ही ते गल्लीभर वाटता, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

पावसात वाट बंद झाली की मी रविवारीही तुमच्याकडेच असायचे. तुमच्या त्या एका खिडकीच्या स्वयंपाकघरात, मोड आलेले वाल परातीत घेऊन आपण बसलोय, हे मला आत्ताही दिसतंय. तुम्ही वाल सोलताय आणि मी पेपर वाचतेय. बातम्या संपल्या की तुम्ही जाहिराती वाचायला लावायच्यात. केस वाढवणारं तेल, दामदुप्पट देणारी कंपनी, गुडघेदुखीवरचा पट्टा. एकेक जाहिरात झाली की तुमचे तेच प्रश्न. हे कोण सांगतंय? सांगून त्याला काय मिळणार? आणि घाई कुणाला आहे, त्याला की आपल्याला? मला तो खेळ वाटायचा. एकदा मी म्हणाले, "घाई त्याला हाय बाई, आजच या म्हनतोय." तुम्ही हसलात. माझं बोलणं एरवी दर वाक्याला दुरुस्त करणाऱ्या तुम्ही, त्या दिवशी 'हाय'ला हात लावला नाहीत.

आणि तरी तुम्ही फसलात. सहामाही परीक्षा जवळ आली होती, सकाळची शाळा आटोपून दुपारी आपण दोघी घरी. स्वच्छ शर्ट घातलेला एक माणूस पिशवी घेऊन जिना चढून आला. पावडरची जाहिरात करतोय, पैसे नकोत म्हणाला. आधी त्यानं समई घासून दिली, मग तांब्या. दोन्ही अशी लखलखली की मी बघतच राहिले. मग तो म्हणाला, "बाई, हातातल्या बांगड्या काळवंडल्यात, त्याही करून देतो." तुमच्या आईच्या बांगड्या त्या. त्यानं त्या आपल्या वाटीतल्या लालसर पाण्यात बुडवल्या, मग आपल्याच पातेलीत हळदीचं पाणी घेऊन त्यात घातल्या, पातेली स्टोव्हवर ठेवली, झाकण लावलं आणि पाणी निवेपर्यंत उघडू नका असं सांगून खालच्या घरी जातो म्हणून गेला. झाकण काढलं तेव्हा बांगड्या नव्यासारख्या चमकत होत्या. तुम्ही त्या हातात चढवल्यात, मनगट जरासं वर-खाली केलंत आणि शांतपणे म्हणालात, "हलक्या झाल्या गो." बाजारातल्या सोनाराच्या काट्यावर ते खरं ठरलं. सोनार म्हणाला, "बाई, त्याच्या वाटीत ॲसिड होतं. तुमचं सोनं त्यात उतरलं आणि वाटी घेऊन तो गेला." येताना तुम्ही रोजच्या भाजीवालीकडून रोजच्यासारखी भाजी घेतलीत. मला वाटलं, झालं, आता यावर कुणी काही बोलणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या तासाला तुम्ही हजेरी घेतलीत, पुस्तक मिटून टेबलावर ठेवलंत आणि म्हणालात, "काल मी फसले. कशी फसले ते नीट ऐका." तुम्ही सगळं क्रमानं सांगितलंत. समई आधी, बांगड्या नंतर. फुकट आधी, महागात पडलेलं नंतर. मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. तुम्ही म्हणालात, "हसा. पण घरी गेल्यावर हे आईला सांगा." मी खाली मान घालून बसले होते. घरी आल्यावर न राहवून म्हणाले, "बाई, कशाला सांगितलंत सगळ्यांना? मुली हसतात." तुम्ही माझ्याकडे वळलात. तुम्ही मला इतकं तीक्ष्ण त्याआधी कधी बोलला नव्हतात आणि नंतरही नाही. "तुला लाज माझी वाटतेय की तुझी? या गल्लीत तो माणूस माझ्या आधी दोन घरी येऊन गेला होता. दोघी गप्प बसल्या. त्यातली एक जरी बोलली असती तर माझ्या आईच्या बांगड्या वाचल्या असत्या. फसणारी गप्प बसते, म्हणून फसवणाऱ्याचं घर चालतं." त्या शनिवारी मी घरी जाऊन आईला सगळं सांगितलं. दिवाळीनंतर पिशवीवाला एक माणूस आमच्या गावात आला, तेव्हा बायकांनी त्याला पाणीसुद्धा दिलं नाही. तोच होता की दुसरा, कोण जाणे. बांधावरून भराभर परत जाताना मी त्याला पाहिलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मी सायन्स घेतलं, रोह्याला धाटावच्या एका कंपनीत लॅबमध्ये लागले, आणि पेढे घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही डब्यातून एक ग्रॅमचं सोन्याचं वेढणं काढून माझ्या हातावर ठेवलंत आणि त्याच्याखाली सोनाराची पावती. म्हणालात, "अडचण आली तर सोनं विक, माझी आठवण म्हणून अडवून ठेवू नकोस. पण पावती टाकू नकोस. सोन्याला तोंड नसतं, पावती त्याच्या वतीनं बोलते." मी त्या वेळी मान डोलावली. कळलं मात्र या वर्षी, माझे केस पांढरे झाल्यावर.

झालं असं की माझी एक ठेव बँकेत मुदत भरून परत आली. निवृत्तीला आता फार दिवस उरलेले नाहीत. सोन्याचा भाव रोज चढत होता. कंपनीच्या बसमध्ये, भाजीबाजारात, हळदीकुंकवाला, जिथं जावं तिथं तोच विषय. नवरा म्हणाला, "सोनं घेऊन टाक, लेकीला होईल." मी म्हटलं, दागिना घेतला तर मजुरी जाते, जपायची कटकट वेगळी, फोनवर काही चांगलं मिळतं का बघू. बाई, तुम्ही फोन असा पाहिलाच नाहीत. जगातली प्रत्येक जाहिरात त्यात आहे, आणि पेपरात ती एका कोपऱ्यात असायची, इथं ती आपल्या मागं मागं फिरते. मी 'सोन्यात गुंतवणूक' असं शोधलं. जे उघडावं ते आधी माझा नंबर मागायचं. एका ठिकाणी दिला. दुसऱ्या दिवशी मी एका ग्रुपमध्ये होते. तिथला माणूस आवाजातले मेसेज पाठवायचा, सुरेख मराठी बोलायचा, मला ताई म्हणायचा, सोनं का चढतंय ते उदाहरणं देऊन समजवायचा. त्यानं दिलेल्या ॲपमध्ये थोडे पैसे टाकले, ते वाढलेले दिसले. त्यातले काही मागितले, तर खरंच बँकेत आले. बाई, ती समई होती. माझ्या लक्षात आलं नाही. मग मी पूर्ण ठेव टाकली. आणि परत मागितले तेव्हा तो म्हणाला, ताई, आधी कर भरावा लागेल. तोही मी थोडा भरला. त्यानंतर ते ॲप उघडलंच नाही.

मी लॅबमध्ये आयुष्य काढलं. नमुना तपासल्याशिवाय एका कागदावर सही केली नाही. मोठ्या साहेबांनी घाई केली तरी केली नाही. आणि माझ्या स्वतःच्या घामाचे पैसे मी न तपासता एका आवाजाच्या स्वाधीन केले. कुणाला सांगणार? नवरा विचारायचा, "सोन्याचं काय केलंस?" मी म्हणायचे, "बघतेय." जेवण जाईना. कामावर जात होते, काचेच्या नळ्या धूत होते, आकडे लिहीत होते आणि कुणी नुसतं फोन काढून बोलू लागलं तरी उठून दुसरीकडे जायचे.

एका दुपारी कँटीनमध्ये पॅकिंगमधली एक मुलगी माझ्या शेजारी येऊन बसली. कोलाडच्या बाजूच्या गावची, कंत्राटावर आहे. बापानं लग्नासाठी शेत विकू नये म्हणून आपलं सोनं आपण घ्यायचं, असं तिनं ठरवलेलं, आणि त्यासाठी पगारातून मागं टाकत आलेली. ती फोन पुढं करून म्हणाली, "ताई, ह्ये ऐका ना. हा मानूस लय चांगला समजावतो. आज शेवटचा दिवस हाय म्हनतो. टाकू का?" तिनं आवाज सुरू केला. तोच आवाज. तेच 'ताई'. टेबलावर सात-आठ जणं जेवत होती. माझ्या मनात आलं, नुसतं 'नको टाकूस' म्हणावं आणि उठावं. ती 'का' विचारील, तर 'असंच, धोका असतो' म्हणावं. एवढ्यानं ती थांबली नसती, हे मला ठाऊक होतं. अशा 'असंच'ला मी स्वतः कधी थांबले होते? आणि मग, बाई, माझ्या तोंडून तुमचंच वाक्य आलं. मी म्हणाले, "टाकू नकोस. मी टाकले. मी फसले. कशी फसले ते ऐक."

 कुणीतरी म्हणालं, "तुम्ही? लॅबवाल्या?" पलीकडे एक जण हसलाही. मी हसू दिलं. क्रमानं सगळं सांगितलं, थोडे पैसे परत आलेले ते आधी, सगळे गेले ते नंतर. मुलगी माझ्याकडे आणि फोनकडे आळीपाळीनं बघत होती. मग तिनं माझ्यासमोरच तो ग्रुप सोडला. त्या दिवशी कित्येक दिवसांनी मी डबा संपवला. संध्याकाळी डिस्पॅचचे एक सुपरवायझर लॅबमध्ये आले, दार लोटून घेतलं आणि हळूच म्हणाले, "मॅडम, माझे पण गेलेत. घरी माहीत नाय." मी त्यांना खुर्ची दिली. त्या क्षणी तुम्ही इतक्या जवळ होतात की काय सांगू.

नवऱ्याला त्याच संध्याकाळी सांगितलं. त्यानं हातातला पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाला, "कंपनीत आधी सांगितलंस आणि मला नंतर." ते मला पैशांपेक्षा जास्त लागलं. पण दुसऱ्या दिवशी तोच मला घेऊन पोलीस ठाण्यात आला. तिथं त्यानं सांगायला सुरुवात केली ती 'आमचे पैसे गेले' अशी. 'हिचे' नाही म्हणाला. मी त्याच्याकडे पाहिलं, तो भिंतीकडे बघत होता. सायबरची तक्रार झाली. थोडे पैसे कुठल्याशा खात्यात अडवून ठेवलेत, ते कदाचित मिळतील. बाकीचे गेले, असं मी धरून चालते.

गोष्ट इथं संपली असती, पण त्या मुलीनं संपू दिली नाही. आठवड्यानं म्हणाली, "ताई, खोटं कुठलं त्ये कळलं. मंग खरं कुठं बघायचं? सोनं तर घ्यायचंच हाय मला." बाई, हा प्रश्न मला सुचलाच नव्हता. मी फोनकडे बघणंच बंद केलं होतं. मी तिला म्हटलं, "रविवारी ये घरी." ती कोलाडहून एसटीनं रोह्याला उतरली आणि पूल ओलांडून अष्टमीत आली. येताना वालाच्या शेंगा घेऊन आली. लेकीचा जुना लॅपटॉप मध्ये ठेवून आम्ही बसलो. सुरुवात कुठून करायची ते दोघींनाही कळेना. मग मी एका कागदावर तुमचे तीन प्रश्न लिहिले आणि तिला सांगितलं, जे उघडेल त्याला हेच विचारायचं.

पहिल्या रविवारी नुसती झाडझूड झाली. एक व्हिडिओवाला चांगला बोलायचा, पण त्याच्या बोलण्याखाली एका ॲपची लिंक, आणि ती दाबली की त्याला दलाली. गेला. एक संकेतस्थळ परदेशी, सोन्याचे आकडे इतके व्यवस्थित की मी खूश झाले. मुलगीच म्हणाली, "पन ताई, हे कोन सांगतंय?" शोधलं तर सोनं काढणाऱ्या कंपन्यांनी मिळून चालवलेली संस्था. मग आम्ही ठरवलं, आकडे यांचे घ्यायचे, सल्ला नाही घ्यायचा. तुम्ही असतात तर या वाटणीवर खूश झाला असतात. मग सराफांच्या संघटनेचा रोजचा भाव सापडला, त्यावरून दुकानदारानं लावलेला भाव आणि मजुरी वेगवेगळी करून बघता यायला लागली. बाजारावर देखरेख ठेवणारी जी सरकारी संस्था आहे, तिच्या संकेतस्थळावर कोण नोंदणी केलेला आणि कोण नाही ते तपासता येतं. तिथं तर सरळ इशारा दिलेला होता की ॲपवर विकतात ते डिजिटल सोनं आमच्या देखरेखीत येत नाही. हे तिथं आधीपासून होतं, बाई. मला कुणी अडवलं नव्हतं ते वाचायला. पण ते माझ्या मागं आलं नाही, मला ताई म्हणालं नाही, त्याला माझा नंबर नको होता. खरी माहिती अशी दाराशी बसून असते, आपणच उठून जावं लागतं. तिथंच मराठीतली एक पुस्तिकाही मिळाली. ती आम्ही छापून कँटीनच्या फळ्याजवळ ठेवली. पहिल्या दिवशी तिच्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवला. दुसऱ्या दिवशी ती जागेवर नव्हती, कुणीतरी वाचायला नेली होती.

मग एका रविवारी हॉलमार्कचं सरकारी ॲप मिळालं. दागिन्यावर बारीक अक्षरांत सहा अक्षरांचा एक क्रमांक कोरलेला असतो, तो त्यात घातला की हा दागिना कोणता, शुद्धता किती, कुठल्या केंद्रात तपासला, सगळं दिसतं. मुलीनं आपल्या बोटातली अंगठी काढली. लॅबमधलं भिंग मी घरी आणलं होतं. मी क्रमांक वाचला, तिनं घातला. पडद्यावर आलं, चेन. आम्ही पुन्हा वाचला, पुन्हा घातला. पुन्हा चेन. अंगठीवरचा शिक्का दुसऱ्याच कुठल्या दागिन्याचा होता. ती रडवेली झाली, पहिल्या पगाराची अंगठी होती ती. पण पावती तिनं जपली होती. पुढच्या सुट्टीला ती आणि मी, भिंग आणि पावती घेऊन त्या दुकानात गेलो. दुकानदार आधी म्हणाला, "आमच्याकडे असं होत नाय." तिनं फोन त्याच्यापुढे धरला आणि म्हणाली, "मंग ह्ये तुमीच वाचा." तो वाचत गेला तसा त्याचा आवाज उतरत गेला. त्यानं दुसरी अंगठी दिली, आणि तिचा क्रमांक तपासून होईपर्यंत ती मुलगी काउंटरवरून हलली नाही. घाई त्याला होती, तिला नव्हती.

हे ऐकून माहेरून वहिनीचा फोन आला, "आमाला पन दाखव गो त्यो फोनातला शिक्का." म्हणून तर मागच्या महिन्यात पेणला गेले होते. गावात आता पक्की वाट आहे, रिक्षा दारापर्यंत जाते. वहिनीच्या ओटीवर दहा-बारा बायका जमल्या, कुणी मंगळसूत्राची वाटी दाखवतेय, कुणी नातवाची साखळी. जुन्या दागिन्यांवर शिक्का नव्हताच. ते खोटे असं नाही, तपासून घ्यावे लागतील, हे समजवता समजवता माझा घसा बसला. वहिनी म्हणाली, "म्हंजे सोनार खोटा बोलला त ह्यो फोन सांगल?" मी म्हटलं, "सोनाराचं नाय गो, शिक्का खरा का खोटा त्ये सांगल. बाकी आपनच इचारायचं." तुमच्याकडे इतकी वर्षं शिकून मी त्या ओटीवर आईच्याच बोलीत शिकवत होते, आणि तुम्हाला ते खटकलं नसतं, असं मला वाटतं. बायका उठल्यावर वहिनी चहा घेऊन आली, शेजारी बसली आणि म्हणाली, "मी पन चांदीच्या नाण्याला पैसं धाडलं होतं, फोनावर फोटो बघून. पितळ आलं, वर कल्हई. तुझ्या दादाला नाय सांगितला." मी विचारलं, "मग आज मला का सांगितलंस?" ती म्हणाली, "तू तुझा सांगितलास म्हनून."  बाई, तुमच्या त्या एका तासाचं हे कितवं पीक असेल.

मी आता काय केलंय तेही सांगते, नाहीतर तुम्ही विचाराल. जे वाचलं त्यात मला पटला तो सोन्याचा फंड, नोंदणी असलेला, ज्याचा हिशेब दर महिन्याला संकेतस्थळावर येतो. त्यात दर महिन्याला थोडे टाकते. गेलेलं भरून काढायच्या नादाला लागले नाही. नवऱ्याला प्रत्येक वेळी आधी सांगते. त्या मुलीनं वेढणी घ्यायला सुरुवात केलीय, क्रमांक तपासून, पावतीसकट. तिला मी तुमचं नाव सांगितलं आहे. ती म्हणते, "तुमच्या बाई लय हुशार असतील." मी म्हटलं, हुशार होत्याच, पण त्या फसल्या होत्या, आणि त्यांनी ते सांगितलं. तिला त्यातलं मोठेपण अजून पुरतं कळलेलं नाही. मलाही तिच्या वयात कळलं नव्हतं.

बाबांनी तुम्हाला मीठ दिलं. मी काय दिलं? नोकरी लागल्यावर येत राहिले, दिवाळीला साडी आणली, तुमच्या शेवटच्या आजारपणात चार दिवस राहिले. पण तुम्ही मला कशातून वाचवलंत ते मलाच माहीत नव्हतं, मग आभार कशाचे मानणार. आज माहीत झालंय, तर तुम्ही नाहीत, पत्र टाकायला पत्ता नाही. दुकानदाराकडे दिलं तर तो कव्हर घालून देईल.

एक राहिलं. फसल्याचं मी कँटीनपासून पोलीस ठाण्यापर्यंत सगळ्यांना सांगितलं, पण हे कुणाला सांगितलेलं नाही. कंपनीत आणि माहेरी मी सगळ्यांना बजावत असते, भाव रोज बघू नका, त्यानं सोनं वाढत नाही, फक्त जीव खालीवर होतो. आणि मी स्वतः रोज सकाळी, दात घासायच्याही आधी, नवरा उठायच्या आत, फोन उघडून भाव बघते. चढलेला असला की त्या दिवशी चहात साखर जरा जास्त पडते.